दुखणे विचारावे

वाचकहो, कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लागतो आणि मग दर्शनाची रांग सुरू होते. या रांगेत काय बोलले जाते हे पन्नास वर्षे मी ऐकत आलो. एखादा विरळा अभंगाचा अर्थ विचारतो. बाकीचे सांगतात ते देहाचे. कुणाचा गुडघा वळत नाही, कुणाला रात्रभर झोप नाही, कुणाची साखर वाढली, कुणाच्या लेकराला फिट येतात. तरुणपणी मला याचा कंटाळा येई. तासभर देहाच्या नश्वरतेवर बोलावे आणि लगेच लोकांनी देहाचेच गाऱ्हाणे पुढे ठेवावे, म्हणजे आपले निरूपण वाया गेले असे वाटे. आज त्याची लाज वाटते. का वाटते ते पुढे सांगणारच आहे. पण आधी आपल्या परंपरेत दुखणे सांगण्याला काय स्थान आहे, ते इतिहासाच्या क्रमाने पाहू.

आरंभ गीतेपासूनच करावा लागतो. सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. यात पहिला मान आर्ताला मिळाला आहे. आर्त म्हणजे कोण, हे सांगताना श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात चोर, वाघ आणि रोग ही तीन नावे घेतली. म्हणजे ज्याला रोगाने गाठले आहे, तोही त्या चार भक्तांत आहे. आणि पुढे भगवंतांनी या चौघांनाही उदार म्हटले आहे. ज्ञानी हा त्यांना आत्म्यासारखा आहे हे खरे, पण म्हणून त्यांनी आर्ताला दारातून परत पाठवले नाही. रांगेत गुडघ्याचे दुखणे सांगणारी म्हातारी या पंक्तीतली आहे, हे मला कळायला फार वेळ लागला.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष पाहावेत, या पदावर माउलींनी केलेला विस्तार पुन्हा एकदा वाचा. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील, इथपासून त्यांनी म्हातारपणाचे एकेक अवयव घेऊन वर्णन केले आहे. काहीही झाकलेले नाही. नाक, तोंड, कान, लाळ, सगळे आले आहे. हे लिहिणाऱ्याचे वय परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा होते. स्वतः जरा न भोगलेल्या मुलाला हे कुठून कळले? योगबळाने कळले असे आपण म्हणतो, आणि ते मला मान्यच आहे. पण मला असेही वाटते की त्या चार भावंडांनी पैठण, आळंदी, नेवासे अशा वाटा तुडवताना पुष्कळ म्हाताऱ्यांचे ऐकून घेतले असले पाहिजे. ऐकल्याशिवाय इतके बारीक सांगता येत नाही.

पूर्वपक्ष असा होईल की, महाराज, हे तर वैराग्यासाठी सांगितले आहे. देहाची किळस यावी म्हणून. खरे आहे. पण कुणासाठी सांगितले आहे ते पाहा. ज्याला अजून म्हातारपण आलेले नाही, त्याने ते आधीच मनात आणावे, यासाठी आहे. जो आजच खाटेवर पडला आहे, त्याच्या तोंडावर फेकण्यासाठी ते नाही. औषध तेच, पण कुणाला आणि केव्हा द्यायचे हे ज्याला कळते तो वैद्य.

आता कूर्मदासांची कथा घ्या. पैठणचे हे भक्त जन्मतः हातापायांनी अधू. पंढरीची ओढ लागली, तेव्हा अंग जमिनीवर ओढत निघाले. वाटेत लोकांनी खाऊ-पिऊ घातले. लऊळ गावी आले आणि शक्ती संपली. एकादशी तोंडावर आलेली. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्यांनी देवाला निरोप दिला की माझ्याने आता येववत नाही, तूच ये. आणि देव लऊळला आले. कुर्डुवाडीजवळच्या या गावात आजही कूर्मदासांचे स्थान आहे. आम्ही कीर्तनकार ही कथा देवाच्या भक्तवात्सल्यासाठी सांगतो. पण मधली एक गोष्ट आमच्या बोलण्यात निसटते. कूर्मदासांनी आपली असमर्थता लपवली नाही, आणि निरोप घेणाऱ्या वारकऱ्याने ती हसण्यावारी नेली नाही. तो निरोप त्याने पोचवला. त्या वारकऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण तो मधे नसता तर ही कथा झाली नसती.

तुकोबांचे पाहा. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिल्या पत्नी रखुमाबाई यांना दम्याचा विकार होता असे चरित्रकार सांगतात. दुष्काळात त्या अन्न अन्न करीत गेल्या, आणि मुलगाही गेला. हे महाराजांनी स्वतःच्या अभंगात सांगितले आहे. दिवाळे निघाले, लोकांत अपमान झाला, लाज वाटली, हेही सांगितले आहे. या अभंगाच्या सुरुवातीला ते काय म्हणतात इकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्यांचा भाव असा: हे बोलू नये, पण संतांनो, तुम्ही विचारलेत, म्हणून तुमचे वचन पाळतो. म्हणजे तुकाराम महाराजांच्या आयुष्यातले सर्वांत खोल दुःख आपल्याला कळते, ते त्यांना कुणीतरी विचारले म्हणून. ज्याला दुखते त्याला बोलावेसे वाटत नाही. संकोच असतो, मान असतो. विचारण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे. संत सांगतात, पण आधी संत विचारतात.

तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई 1628 साली वेरूळच्या परिसरातल्या देवगावी जन्मल्या. त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने आपल्या अंगावर काय काय झाले ते सांगावे, ही गोष्ट लहान नाही. नवऱ्याने केलेली मारहाण त्यात आहे, वासरू गेल्यावर शुद्ध हरपून पडून राहणे आहे, गरोदरपण आहे. पुढे तोच नवरा दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली, आणि त्या दुखण्यातच त्याचे मन पालटले, हेही आहे. बहिणाबाईंनी यातले काही झाकले असते तर त्यांची भक्ती कमी झाली नसती. पण त्यांच्यानंतरच्या किती बायांना आपले दुःख एकटीचे नाही हे कळले नसते! त्यांच्याआधी जनाबाईंनीही केस विंचरण्याचे, डोक्यातल्या उवांचे बोल देवाशी बोलले होते. आपल्या संप्रदायात बायकांच्या देहाचे दुःख अभंगात आले, ते ओवळे मानले गेले नाही.

समर्थ रामदास आपल्या फडाचे नव्हेत, पण विचाराच्या बाबतीत असा भेद करू नये. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन तापांचे तीन समास आहेत. त्यातला आध्यात्मिक तापाचा समास म्हणजे त्या काळातल्या दुखण्यांची यादीच आहे. खरूज, खवडे, पुळ्या, नारू, देवी, गोवर अशी नावांमागून नावे येतात. तरुणपणी मला वाटे, एवढ्या थोर ग्रंथात ही यादी कशाला? आता वाटते, ती फार दयेची गोष्ट आहे. ज्या दुखण्याला नाव असते ते सांगता येते. आपल्या भाषेत तर दुखण्याचे केवढे भांडार आहे! कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. उसण भरते, मुरडा येतो, गळू ठुसठुसते, पोटात भगभगते, काटा सलतो. आपल्या आज्यांनी हे शब्द घडवले, कारण त्या एकमेकींना दुखणे सांगत होत्या. आज नातवाला डॉक्टरांनी कसे दुखते म्हणून विचारले, तर त्याला नुसते ‘दुखते’ एवढेच सांगता येते.

मग दुखणे लपवण्याची रीत आपल्याकडे आली कुठून? ती जुनीही आहे, पण गेल्या दोनशे वर्षांत तिला बळ मिळाले. 1817 साली बंगालात पटकीची मोठी साथ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती मुंबईपर्यंत आली. त्यानंतर दीडशे वर्षे यात्रा आणि पटकी ही जोडी सुटली नाही. लाखो माणसे एका ठिकाणी जमणार, त्याच चंद्रभागेत स्नान, तेच पाणी पिणे. आणि पटकी पाण्यातून पसरणारी. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये तिचे जंतू दाखवले आणि हाफकिन यांनी 1893 मध्ये आपल्या देशात तिची लस टोचायला सुरुवात केली. मी लहान असताना वडिलांबरोबर वारीला निघालो, तेव्हा पटकीची सुई दंडावर घेऊनच निघालो होतो. दोन दिवस हात वर होत नव्हता, त्यामुळे टाळ धरता आला नाही म्हणून मी रडलो होतो. त्याच वारीत आमच्या दिंडीतल्या एका बाबांना जुलाब लागले. कळले तर मागे ठेवतील आणि पंढरी चुकेल, या भीतीने ते कुणाला बोलेनात. त्यांचे पाऊल अडखळते आहे हे वडिलांनी पाहिले, बाजूला नेऊन विचारले आणि दवाखान्यात पोचवले. बाबांची वारी चुकली, पण पुढे पुष्कळ वाऱ्या झाल्या.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले. रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. रोगी सापडला की त्याला न्यायचे, माणसांना वेगळे ठेवायचे, सामान जाळायचे. लोकांनी काय केले? रोगी लपवले. त्यांना दोष देता येत नाही. सांगितल्यावर अपमानच पदरी येणार असेल तर माणूस सांगत नाही. पण लपवल्याने रोग गेला नाही, घरातल्या घरात पसरला. त्याच पुण्यात, त्याच दिवसांत, सावित्रीबाई फुले काय करीत होत्या? आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांना घेऊन जात होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तिथे पोचवले. त्यांनाही प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. साथ एकच, घरे तीच. एक जण दारात आला की लोक रोगी लपवत, आणि दुसरी दारात आली की रोगी तिच्या पाठीवर देत. दुखणे सांगितले जाते की नाही, हे दारात कोण उभे आहे यावर ठरते.

आता माझी चूक सांगतो. चाळीसेक वर्षे झाली असतील. एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. आरतीनंतर पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. पदर तोंडाशी धरून हळू आवाजात म्हणाल्या, “महाराज, अंगावर एक दुखणं आहे. घरात सांगता येत नाही.” रांग मोठी होती. मला दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या गावी जायचे होते. मी त्यांना विचारले नाही, काय दुखणे, किती दिवस. मी म्हणालो, “माउली, देहाचे भोग देहानेच भोगायचे असतात. नाम घ्या.” त्यांनी मान हलवली, पाया पडल्या आणि गेल्या.

दोन वर्षांनी त्याच गावी गेलो. त्यांची सून भेटली. सासूबाई गेल्या होत्या. छातीत गाठ होती, ती फुटेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. पुढे सुनेला कळले आणि तिने दवाखान्यात चला म्हणून विनवले, तर त्या म्हणाल्या, “महाराजांनी सांगितलंय, भोग आहे. भोगायचा.” सुनेने हे मला रागाने सांगितले नाही. माझ्या शब्दाची त्यांना शेवटपर्यंत केवढी श्रद्धा होती, हे कौतुकाने सांगितले. ते कौतुक मला सोसवले नाही. त्या रात्री मी कीर्तनाला उभा राहिलो, पण काय बोललो ते आठवत नाही.

वेळीच दाखवले असते तर त्या वाचल्या असत्या की नाही, ते पांडुरंग जाणे. पण दाखवण्याची वाट मी बंद केली, एवढे निश्चित. माझी पत्नी त्या दिवशी दहा हातांवर बायकांत बसली होती. “यांच्याशी बोला,” एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

शास्त्राचा विचार मी नंतर पुष्कळ केला. प्रारब्ध हा सिद्धांत खोटा नाही. पण तो कुणी कुणाला सांगायचा, यात मी चुकलो होतो. तो स्वतःला सांगायचा आहे. माझ्या देहाला दुखले आणि सगळे उपाय करूनही राहिले, तर हे माझे प्रारब्ध म्हणून मी धीर धरावा. दुसऱ्याला दुखले तर माझ्यापुढे त्याचे प्रारब्ध नसते, माझे कर्तव्य असते. आणि भोग म्हणावा तर औषध मिळणे हाही भोगच आहे, कुणी विचारणारा भेटणे हेही प्रारब्धच आहे. तिच्या प्रारब्धात विचारणारा असायचा होता, तो मी झालो नाही, असे मी आज समजतो.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. आरती झाली की मी एका बाजूला बसे, पत्नी बायकांच्या बाजूला बसे. ती शिकलेली नव्हती, पण विचारणे तिला येई. कधीपासून? कुठे? घरात कुणाला ठाऊक आहे? दवाखाना किती लांब? सोबत कोण येईल? एवढे पाच प्रश्न. औषध आम्ही कधी सांगितले नाही, आणि तुम्हीही सांगू नका. अमुक काढा घ्या, तमुक पाला बांधा म्हणून डॉक्टरांकडे जायचा वेळ दवडणारे पुष्कळ असतात. ऐकणाऱ्याने ऐकावे, योग्य ठिकाणी पोचवावे, आणि ऐकलेले गावभर करू नये. दुखणे ही ठेव आहे. ठेव परक्याच्या हाती देऊ नये.

हे करणारे आपल्यात आधीच होऊन गेले आहेत. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत. तो त्यांचा हातखंडाच होता. आजाऱ्यांना औषधोपचार हा त्यांच्या सांगण्यातला देवधर्म होता. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत खेड्यापाड्यांतून आलेले कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे राहतात. तिथे मी दोन-तीनदा गेलो आहे. जिन्यात, ओट्यावर, स्वयंपाकाच्या चुलीपाशी अनोळखी माणसे एकमेकांना दुखणे सांगत असतात. कुठल्या खिडकीवर कागद द्यायचा, कुठल्या औषधाने तोंड येते, काय खाल्ले तर पोटात राहते. नांदेडची बाई रत्नागिरीच्या बाईला सांगते. ते ऐकताना मला हा सत्संगच वाटला.

सांगणाऱ्यालाही एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्या दोषातून मीही सुटलेलो नाही. साठी उलटल्यावर माझा आवाज बसू लागला. सुपाऱ्या जातील या भीतीने आठ महिने मी ते अंगावर काढले. सुंठ चघळत राहिलो. शेवटी माझ्या जुन्या टाळकऱ्याने एका रात्री गाडीत विचारले, “महाराज, आवाज नुसता बसलेला नाही. काय होतंय?” त्याने विचारले म्हणून मी बोललो. स्वरतंतूंवर गाठ होती, साधी होती, काढली. कीर्तन सुटले, पण मी आहे. त्या माउलीला विचारणारा भेटला नाही, मला भेटला. या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवतो.

शेवटी, ज्यांनी माउलींची पायी वारी केली आहे त्यांनी समाज आरती आठवावी. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप वर करतात आणि लाखभर माणसांचा तळ क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता, आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतच आहेत. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झाले ते विचारून घेतात. तिचे ऐकून झाल्यावरच टाळ थांबतात, आणि मगच आरती होते.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादा टाळ असा वाजत असेल. आई जिना चढताना मधेच थांबते, वडील ताटात भाकरी ठेवून उठतात, सून हसते पण दंड दाबत राहते. ती माणसे आपण होऊन बोलणार नाहीत. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. आरती त्यानंतर करा, माउली थांबतील.

रामकृष्ण हरि.